उमेदवारी आणि उमेदवाराचा शब्द

जर्मनीत धंदा शिकणारी मुले-मुली आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, दुकानात, इस्पितळात किंवा कचेरीत काम करतात आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत शिकतात. ही उमेदवारी साधारणपणे दोन ते साडेतीन वर्षांची असते. या पद्धतीची तारीफ जगभर होते. पाहुणे कारखान्यातील यंत्रे, शाळेची इमारत आणि परीक्षेची शिस्त पाहून परततात. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ज्या आस्थापनेत कामगारांची निवडून आलेली समिती आहे आणि पाच किंवा त्याहून अधिक तरुण कामगार किंवा शिकाऊ उमेदवार आहेत, तिथे हे उमेदवार दर दोन वर्षांनी गुप्त मतदानाने आपले प्रतिनिधी निवडतात. कोणत्या विभागात किती आठवडे काढायचे, शिकवणारा माणूस पुरेसा वेळ देतो की नाही, परीक्षेच्या तयारीला वेळ मिळतो की नाही, असे विषय हे प्रतिनिधी अधिकाराने मांडतात. हा अधिकार त्यांना कायद्याने दिला आहे. तो कायद्यात येण्यासाठी सत्तरेक वर्षे लागली, आणि त्या काळातला बराचसा पल्ला खुद्द उमेदवारांनीच रेटून गाठला.

मध्ययुगीन जर्मन शहरांत धंदा शिकण्याचा एकच मार्ग होता, तो कारागीर श्रेणीतून जाणारा. मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की बाप त्याला एखाद्या उस्तादाकडे ठेवी. शिकवणीबद्दल उस्तादाला पैसे द्यावे लागत. मुलगा उस्तादाच्याच घरी राहायचा, त्याच्याच ताटात जेवायचा आणि घरातली पडेल ती कामे करायचा. ठरलेली वर्षे संपली की श्रेणीच्या सभेत त्याला समारंभपूर्वक मुक्त केले जाई. मग तो कारागीर म्हणून गावोगाव फिरून काम करी, आणि पुढे जमले तर स्वतः उस्ताद होई. फिरत्या कारागिरांचे स्वतःचे संघ होते. ते एखाद्या शहरावर बहिष्कार टाकत, मजुरीसाठी काम बंद पाडत, आजारी सोबत्याला मदत करत. शिकणाऱ्या मुलाला मात्र कोणताही संघ नव्हता. त्याने काय शिकायचे, कधी शिकायचे आणि किती शिकायचे, हे सगळे उस्तादच ठरवी. उस्ताद चांगला असेल तर मुलाचे भले होई. तो लबाड असेल तर मुलाची वर्षे पाणी भरण्यात आणि भाता ओढण्यात जात.

एकोणिसाव्या शतकात श्रेणींची मक्तेदारी संपली. उत्तर जर्मन संघराज्याच्या १८६९ च्या उद्योग कायद्याने कोणालाही कोणताही धंदा करण्याची मोकळीक दिली. पण शिकाऊ मुलाचे स्थान फारसे बदलले नाही. हाच कायदा पुढे साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला, आणि त्यात शिकाऊ मुलगा मालकाच्या पितृवत शिस्तीखाली राहील असे लिहिले गेले. मालकाने अतिरेकी मारहाण करू नये एवढीच मर्यादा होती. त्याआधी १८५० च्या प्रशियाच्या संघटना कायद्याने राजकीय संघटनांचे सदस्यत्व ज्यांना नाकारले, त्यांत स्त्रिया, विद्यार्थी आणि शिकाऊ उमेदवार हे तिघे एका ओळीत होते. १८९७ च्या दुरुस्तीने कारागिरांची चेंबरे उभी राहिली, आणि उमेदवारीचे नियम करणे, परीक्षा घेणे, कोण शिकवू शकतो हे ठरवणे अशी कामे त्यांच्याकडे गेली. १९०८ पासून उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाच हस्तव्यवसायात उमेदवार ठेवता येऊ लागले. शिकवणुकीचा दर्जा त्यामुळे सुधारला, यात शंका नाही. पण नियम करणाऱ्यांत वर्चस्व मालक आणि उस्तादांचेच होते.

या परिस्थितीला पहिला धक्का १९०४ मध्ये बर्लिनमध्ये बसला. कुलूपकाम शिकणाऱ्या एका मुलाचा मृतदेह शहराच्या कडेच्या ग्रुनेवाल्ड जंगलात सापडला. त्याने आत्महत्या केली होती आणि त्याच्या अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या काही शिकाऊ मुलांनी आणि तरुण कामगारांनी मिळून स्वतःची संघटना काढली. प्रशियाच्या कायद्यामुळे राजकारणाचे नाव घेता येत नव्हते. म्हणून सदस्यांच्या आर्थिक, कायदेशीर आणि बौद्धिक हिताचे रक्षण हाच संघटनेचा हेतू जाहीर करण्यात आला. १९०५ पासून तिचे मासिकही निघू लागले. त्यात मार खाणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या, धंद्याऐवजी घरकाम शिकणाऱ्या मुलांच्या हकिकती छापून येत. धंदा शिकवण्याच्या नावाखाली काय चालते, हे शिकणाऱ्यांनीच लिहून छापायला इथूनच सुरुवात झाली, म्हणून या मासिकाचे मोल मोठे आहे. दक्षिणेत बाडेन राज्याचा कायदा सैल होता. तिथे मानहाइम शहरात लुडविग फ्रांक या तरुण वकिलाच्या पुढाकाराने १९०४ मध्येच अशीच एक संघटना उभी राहिली, आणि ती राजकीय भाषा उघडपणे बोलत होती.

सरकारने याची दखल लवकरच घेतली. १९०८ च्या साम्राज्यव्यापी संघटना कायद्याने अठरा वर्षांखालील कोणालाही राजकीय संघटनेत राहण्यास मनाई केली. बर्लिनची आणि मानहाइमची अशा दोन्ही संघटना मोडल्या. शिकाऊ मुलांचे प्रश्न पुढे मोठ्यांच्या कामगार संघटनांच्या आणि कामगारांच्या पक्षाच्या युवक समित्यांकडे गेले. मोठ्यांच्या हाती गेलेला प्रश्न मोठ्यांच्याच क्रमवारीत बसतो. पगार, कामाचे तास आणि मतदानाचा हक्क यांच्यापुढे उमेदवारांच्या अभ्यासक्रमाला जागा उरली नाही.

त्याच काळात शिकवण्याच्या पद्धतीत मात्र मोठे बदल होत होते. म्युनिकचे शिक्षणप्रमुख गेओर्ग केर्शेनस्टाइनर यांनी १९०० पासून तिथल्या पूरक शाळांची धंद्यानुसार फेरमांडणी केली. सुताराच्या मुलाला सुतारकामाभोवती गुंफलेले गणित आणि चित्रकला, खाटकाच्या मुलाला त्याच्या धंद्याचा हिशेब, आणि शाळेतच वर्कशॉप, अशी ही रचना होती. आजच्या व्यवसाय शाळेचा पाया तोच. १९०८ मध्ये अभियंत्यांच्या आणि यंत्र उत्पादकांच्या संघांनी मिळून तांत्रिक शिक्षणासाठी एक समिती नेमली. तिने धातुकामाच्या धंद्यांसाठी टप्प्याटप्प्याचे ठरावीक पाठ्यक्रम तयार केले. कानस चालवण्यापासून लेथवर काम करण्यापर्यंत प्रत्येक कौशल्याचा क्रम लिहिला गेला. मोठ्या कारखान्यांनी उत्पादनापासून वेगळी प्रशिक्षण वर्कशॉपे काढली. हे काम भक्कम होते आणि त्याचा लाभ आजही होतो. तरी त्या कागदांवर शिकणाऱ्याचे मत विचारण्याची जागा कुठेच नव्हती. १९२० च्या कारखाना समिती कायद्याने कामगारांना निवडलेली समिती दिली, पण मतदानाचे वय अठरा ठेवले. उमेदवार बहुतेक चौदा ते सतरा वर्षांचे असत, त्यामुळे ते बाहेरच राहिले.

१९३३ च्या मे महिन्यात नाझी सरकारने कामगार संघटना मोडून टाकल्या आणि निवडणुकीचा प्रश्नच मिटला. १९३४ पासून उमेदवारांच्या देशव्यापी व्यवसाय स्पर्धा सुरू झाल्या आणि १९३८ मध्ये व्यवसाय शाळा सक्तीची झाली. शिकवणुकीची यंत्रणा या काळात पसरली आणि एकसाची झाली. तिच्याबद्दल प्रश्न विचारणे मात्र धोक्याचे झाले.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत दोन लहान पावले पडली. १९५१ च्या अखेरीस मालकाचा उमेदवाराला मारण्याचा अधिकार कायद्यातून काढून टाकण्यात आला. १९५२ च्या कारखाना संघटन कायद्याने अठरा वर्षांखालील तरुणांना स्वतःचे प्रतिनिधी निवडण्याची सोय प्रथमच दिली. ही सोय अपुरी होती. प्रतिनिधींना फारसे अधिकार नव्हते, आणि बऱ्याच कारखान्यांत निवडणूक झालीच नाही. त्यातही मोठी अडचण वेगळीच होती. उमेदवाराला काय शिकवायचे हे बांधून देणारा एकही राष्ट्रीय कायदा नव्हता. एकोणिसाव्या शतकातली कलमे, चेंबरांचे नियम आणि रिवाज यांवरच सगळे चालले होते. जर्मन कामगार संघटनांचा महासंघ १९५९ पासून व्यवसाय शिक्षणाच्या स्वतंत्र कायद्याची मागणी करत होता. सरकारे बदलली, मसुदे फिरले, कायदा झाला नाही. प्रतिनिधी होते, पण कशावर बोट ठेवून बोलायचे तो कागदच नव्हता.

१९६० च्या दशकात देश भरभराटीत होता आणि कारागीर कमी पडत होते. तरीही लहान वर्कशॉपातल्या उमेदवाराचा दिवस झाडलोट, गोदाम आवरणे, मालकाची गाडी धुणे आणि मोठ्या कामगारांसाठी बिअर व पाव आणणे यात जाई. कचेरीतला उमेदवार महिनोन्‌महिने कागद फाइलीत लावी. १९६४ मध्ये तत्त्वज्ञ गेओर्ग पिश्ट यांनी जर्मन शिक्षणाच्या आपत्तीचा इशारा दिला आणि देशभर वाद पेटला. तो वाद जवळजवळ पूर्णपणे शाळा आणि विद्यापीठे यांच्याभोवती फिरला. तरुणांतला बहुसंख्य वर्ग धंदा शिकत होता, पण तो या चर्चेत दिसला नाही.

सप्टेंबर १९६८ मध्ये तो दिसू लागला. हॅम्बुर्गच्या व्यापार चेंबरने शेअर बाजाराच्या भव्य इमारतीत उत्तीर्ण उमेदवारांच्या मुक्तीचा वार्षिक समारंभ ठेवला होता. भाषणे, संगीत, प्रमाणपत्रे असा नेहमीचा कार्यक्रम होता. त्यात काही उमेदवारांनी पत्रके वाटली आणि प्रशिक्षण निकृष्ट असल्याचे जाहीरपणे सांगितले. विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचे ते वर्ष होते, आणि रस्त्यावर येण्याची हिंमत उमेदवारांना त्यातून मिळाली हे खरे. पण त्यांच्या मागण्या विद्यार्थ्यांच्या नव्हत्या. शिकण्याची वर्षे वाया जाऊ नयेत, उमेदवाराकडून स्वस्त मजुरी करवून घेऊ नये, झाडू मारणे म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्यांच्या घोषणांचे सार होते. ही सर्व वाक्ये अनुभवातून आलेली होती आणि शहरातल्या प्रत्येक उमेदवाराला ती लगेच कळत होती.

हॅम्बुर्गमधून ही चळवळ इतर शहरांत पसरली. तिची सगळ्यात महत्त्वाची रचना हॅम्बुर्गच्या कामगार संघटनांच्या इमारतीत तयार झाली. तिथे उमेदवारांची दर आठवड्याला खुली बैठक भरू लागली. निवडलेला अध्यक्ष नाही, सदस्यत्वाची अट नाही. जो येईल त्याने बोलावे. वेगवेगळ्या कारखान्यांतले, दुकानांतले, बँकांतले उमेदवार एका खोलीत बसले की आपली गाऱ्हाणी एकसारखी आहेत हे त्यांना दिसले. त्यांनी गट केले, स्वतःचे वृत्तपत्र काढले, एखाद्या कंपनीतली शिकवणूक कशी चालते याची माहिती गोळा करून ती त्याच कंपनीच्या फाटकावर वाटली. आपल्या शिक्षणाची तपासणी आपणच करायची आणि निष्कर्ष लेखी मांडायचे, हे त्यांनी कोणाची परवानगी न घेता सुरू केले. पुढे कायद्याने जे काम प्रतिनिधींना दिले, त्याची तालीम या बैठकांत झाली. देशभर अशी उमेदवार केंद्रे निघाली. कामगार संघटनांचे नेते प्रथम खूश होते, मग अस्वस्थ झाले. या बैठकांत डाव्या गटांचे वादविवाद वाढले आणि संघटनेच्या शिस्तीला आव्हान मिळू लागले. १९७१ मध्ये हॅम्बुर्गची साप्ताहिक बैठक संघटनेने बंद केली. त्याच वर्षी महासंघाने तरुण कामगारांचे वर्ष पाळले, म्हणजे प्रश्न सोडला नाही, पण त्याची सूत्रे परत आपल्या हाती घेतली. १९७२ च्या सुमारास चळवळ ओसरली. तिचे आयुष्य जेमतेम चार वर्षांचे होते. तेवढ्यात तिने जे घडवले, ते त्याआधीच्या अर्ध्या शतकात घडले नव्हते.

ऑगस्ट १९६९ मध्ये व्यवसाय शिक्षण कायदा जारी झाला आणि १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. मसुदा आधीपासून वाटाघाटींत होता, त्यामुळे तो केवळ आंदोलनाने आला असे म्हणता येणार नाही. उमेदवारांनी आणि संघटनांनी त्यावर टीकाही केली, कारण देखरेख पूर्वीप्रमाणे चेंबरांकडेच राहिली. तरीही या कायद्यात दोन अशा गोष्टी होत्या की त्यांनी उमेदवाराच्या हाती प्रथमच काहीतरी ठोस दिले. पहिली, करारात शिक्षणाची विषयवार आणि कालवार विभागणी लिहावी लागणे. कोणत्या महिन्यांत काय शिकवणार, हे कागदावर येऊ लागले. दुसरी, उमेदवाराला शिक्षणाच्या उद्देशाला धरून असलेली आणि त्याच्या ताकदीला झेपणारीच कामे द्यावीत, असा स्पष्ट नियम. बिअर आणायला पाठवणे आता कायद्याच्या विरुद्ध होते. प्रत्येक धंद्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण नियमावली करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. रोजच्या कामाची नोंदवही ठेवण्याची जुनी पद्धतही त्यामुळे नव्या अर्थाने महत्त्वाची ठरली. एका बाजूला लेखी आराखडा, दुसऱ्या बाजूला लेखी नोंद. दोन्ही शेजारी ठेवले की काय शिकवायचे होते आणि काय शिकवले, यातला फरक कोणालाही मोजता येतो.

हा फरक मांडणाऱ्या माणसाला संरक्षण हवे होते, आणि ते जानेवारी १९७२ च्या नव्या कारखाना संघटन कायद्याने दिले. युवक प्रतिनिधींचे स्वतंत्र प्रकरण त्यात आले. त्यांना कामगार समितीच्या बैठकीला प्रतिनिधी पाठवता येतो. विषय मुख्यतः तरुणांचा असेल तर त्यांना मतही देता येते. समितीचा एखादा निर्णय तरुणांच्या हिताला मोठा धक्का देतो असे वाटले, तर तो आठवडाभर स्थगित ठेवण्याची मागणी करता येते. तरुणांची सभा बोलावता येते. व्यवसाय शिक्षणाबाबत उपाय सुचवणे आणि कायद्यांचे पालन होते की नाही हे पाहणे, ही त्यांची नेमून दिलेली कामे आहेत. मालकाशी थेट करार करण्याचा अधिकार त्यांना नाही. सगळे कामगार समितीमार्फत जाते. पण त्या समितीला कारखान्यातील प्रशिक्षण कसे राबवायचे यात सहनिर्णयाचा अधिकार आहे, आणि नालायक प्रशिक्षकाच्या नेमणुकीला ती हरकत घेऊ शकते. म्हणजे उमेदवारांच्या सूचनेमागे मोठ्यांचे वजन उभे राहते.

कायदा लागू होताच काही मालकांनी एक सोपा मार्ग शोधला. बोलका प्रतिनिधी उमेदवारी संपताच नोकरीविना बाहेर पडे, कारण त्याला कायम करण्याचे बंधन नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये यावर नवे कलम आले. प्रतिनिधीला कायम करायचे नसेल तर मालकाने तीन महिने आधी कळवावे, आणि प्रतिनिधीने शेवटच्या तीन महिन्यांत लेखी मागणी केली तर त्याची कायम नोकरी कायद्याने अस्तित्वात आली असे मानावे. मालकाला ते मान्य नसेल तर न्यायालयात जाण्याची जबाबदारी मालकावरच. हे कलम नसते तर बाकीचे अधिकार कागदावरच राहिले असते. सतरा वर्षांचा मुलगा पुढच्या भाकरीची चिंता करत साहेबासमोर बोलू शकत नाही.

या चौकटीत प्रतिनिधी नेमके काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या मोठ्या यंत्र कारखान्यात उमेदवार दर काही आठवड्यांनी विभाग बदलतात. एका विभागात त्यांना खरोखर शिकवले जाते, दुसऱ्यात मजूर म्हणून वापरले जाते. प्रतिनिधी नोंदवह्या पाहतात, प्रश्नावली वाटतात, सभेत तोंडी तक्रारी ऐकतात आणि फेरबदल सुचवतात: या विभागातले आठवडे कमी करावेत, त्या यंत्रावरचे वाढवावेत, मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन यांचे काही काम एकत्र घ्यावे. मागे पडलेल्यांसाठी परीक्षेपूर्वी कारखान्यातच शिकवणी ठेवावी. नव्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात कोणी काय दाखवावे. प्रशिक्षकानेच उमेदवाराला गुण द्यावेत का, की उमेदवारानेही विभागाला आणि प्रशिक्षकाला गुण द्यावेत. या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ कारखान्यांत जुन्या प्रशिक्षकांचा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. तरीही दोन्ही बाजूंनी मूल्यमापन करण्याची रीत मोठ्या कंपन्यांत रुळली. शिकणाऱ्याला सगळे कळते असे नाही, पण शिकवणूक कुठे अडते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही कळत नाही.

प्रतिनिधींच्या बरोबरीने दुसरा प्रवाह शिकवण्याच्या तंत्रातून आला. १९७० च्या दशकात गागेनाऊ येथील डाइमलर-बेंझच्या प्रशिक्षण वर्कशॉपात उमेदवारांना सुटे सराव देण्याऐवजी चालणारे छोटे वाफेचे इंजिन बनवायला दिले जाऊ लागले. प्रशिक्षक प्रत्येक पायरी तोंडी सांगेनासा झाला. त्याऐवजी लेखी मार्गदर्शक प्रश्न देऊ लागला. उमेदवाराने माहिती मिळवायची, आराखडा करायचा, निर्णय घ्यायचा, काम करायचे, ते तपासायचे आणि शेवटी त्याचे मूल्यमापन करायचे. या पद्धतीत उमेदवार आपल्या शिकण्याचा क्रम काही अंशी स्वतःच ठरवतो. १९८७ मध्ये औद्योगिक धातू आणि विद्युत धंद्यांची राष्ट्रीय नियमावली नव्याने लिहिली गेली. त्यासाठी मालक संघ आणि धातू कामगारांची संघटना यांच्यात जवळपास दशकभर चर्चा चालली होती. धातुधंद्यांची अनेक जुनी नावे मोडून सहा मोठे धंदे केले गेले, आणि उमेदवाराने काम स्वतंत्रपणे योजावे, करावे आणि तपासावे, हे परीक्षेचे अधिकृत ध्येय झाले. गागेनाऊसारख्या ठिकाणचे प्रयोग अशा रीतीने देशाचा नियम बनले.

व्यापाराच्या धंद्यांत याचे रूप निराळे होते. फ्रीडरिखशाफेन येथील दातेरी चाकांच्या कारखान्याने १९७० च्या दशकात उमेदवारांची स्वतःची छोटी कंपनी सुरू केली. खरेदी, विक्री, हिशेब, सगळे उमेदवार सांभाळत, आणि उलाढाल खरी असे. ही कल्पना अनेक कंपन्यांनी उचलली. किरकोळ दुकानांच्या साखळ्यांत उमेदवारांनी काही आठवडे अख्खे दुकान चालवण्याची प्रथा पडली. कार्ल्सरूह येथील डीएम ही औषध-सौंदर्य वस्तूंची साखळी त्यांपैकी एक.

दरम्यान युवक प्रतिनिधींचा पाया खचत चालला होता. कारण लोकसंख्येत होते. शालेय शिक्षण लांबले, बारावीसारखी परीक्षा देऊन उमेदवारीला येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि १९८० च्या दशकात नव्या उमेदवाराचे सरासरी वय अठराच्या आसपास गेले. अठरा वर्षांखालील पाच मुलेच न उरल्याने कारखान्यांतली युवक मंडळे बंद पडू लागली. जुलै १९८८ च्या कायद्याने पंचवीस वर्षांखालील सर्व उमेदवारांना मतदार केले आणि मंडळाच्या नावातही उमेदवारांचा उल्लेख आला. २००२ मध्ये कंपनीबाहेरच्या प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्यांना वेगळे प्रतिनिधी मंडळ निवडण्याचा अधिकार मिळाला. २०२१ च्या दुरुस्तीने उमेदवारांसाठी वयाची अटच काढली, त्यामुळे तिशीत धंदा बदलून नव्याने शिकणारी व्यक्तीही मत देऊ शकते. निवडणुका सम वर्षांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. पाच ते वीस मतदार असतील तर एक प्रतिनिधी असतो. हजाराहून अधिक असतील तर पंधरा.

या रचनेच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या झाकणे योग्य नाही. कामगार समिती नसेल तर उमेदवार मंडळही निवडता येत नाही, आणि पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपैकी दहांतून एकीपेक्षाही कमी ठिकाणी अशी समिती असते. बहुतेक मोठ्या कारखान्यांत ती असते. केशकर्तनालय, बेकरी, हॉटेलचे स्वयंपाकघर, दोन माणसांचे प्लंबिंगचे दुकान इथे ती नसते. नेमक्या याच ठिकाणी उमेदवारांच्या तक्रारी जास्त आहेत. जर्मन कामगार महासंघाची युवक शाखा २००६ पासून दरवर्षी सर्वाधिक उमेदवार असलेल्या पंचवीस धंद्यांत पाहणी करते. अहवालामागून अहवाल हेच सांगतो की सुमारे एक तृतीयांश उमेदवारांना कंपनीतील प्रशिक्षण आराखडा मिळालेलाच नसतो. म्हणजे १९६९ च्या कायद्याचा कणा अजूनही सगळीकडे पोहोचलेला नाही. वरच्या स्तरावरही उमेदवाराची जागा अप्रत्यक्षच आहे. राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण संस्थेच्या मुख्य समितीत मालक, कामगार संघटना, राज्ये आणि केंद्र असे चार बाक आहेत. उमेदवारांना स्वतःचा बाक नाही. हस्तव्यवसाय चेंबरांच्या सर्वसाधारण सभेत एक तृतीयांश जागा शिकून तयार झालेल्या कारागिरांना आहेत, शिकणाऱ्यांना नाहीत.

जर्मनीबाहेर हा विषय उशिरा पोहोचला. युरोपभरातील उमेदवारांचे एक जाळे २०१७ मध्ये उभे राहिले. मार्च २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने दर्जेदार उमेदवारीची चौकट मंजूर केली, आणि तिच्यात लेखी करार ही पहिलीच अट आहे. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दर्जेदार उमेदवारीविषयी शिफारस क्रमांक २०८ स्वीकारली.

भारतात १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम लागू आहे. पुणे, नाशिक, ठाणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांत आयटीआयमधून येणारे उमेदवार याच कायद्याखाली असतात. चाकणमध्ये फोक्सवॅगनने मेकॅट्रॉनिक्सचे प्रशिक्षण जर्मन धर्तीवर चालवले आहे, तेव्हा त्या पद्धतीची अर्धी बाजू महाराष्ट्रात आलेली आहे. दुसरी बाजू आलेली नाही. अधिनियमाचे कलम १८ सांगते की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. केंद्रीय परिषदेत मालक, केंद्र व राज्य सरकारे, तज्ज्ञ आणि तांत्रिक शिक्षणाच्या मंडळांचे प्रतिनिधी यांना जागा आहेत. मालक आणि उमेदवार यांच्यात करारावरून वाद झाला तर तो उमेदवारी सल्लागाराकडे जातो. २०१४ च्या दुरुस्तीने ऐच्छिक ट्रेडचा अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीक मालकाला दिली. शिकणाऱ्याने निवडलेल्या प्रतिनिधीची तरतूद या कायद्यात कुठेही नाही. ती आणायला वेळ लागेल. पण कोणत्या महिन्यात काय शिकवणार याचा लेखी आराखडा प्रत्येक उमेदवाराच्या हाती पहिल्याच दिवशी देणे आजही शक्य आहे, आणि आयटीआयने व कारखान्यांनी ते सुरू करावे.